सी. के. नायडू

कर्नल कोट्टारी कनकैया नायडू (जन्म : नागपूर, ३१ ऑक्टोबर १८९५, मृत्यू : इंदूर, १४ नोव्हेंबर १९६७) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होते. सी. के. नायडू किंवा नुसते सी. के. या नावाने ते ओळखले जात. उजव्या हाताने खेळणारे आक्रमक फलंदाज, मंद-मध्यम गतीचे गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक अशी त्यांची तिहेरी ख्याती होती. १९१६ साली सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द १९६३-६४ च्या हंगामापर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ पसरली. विदर्भात जन्मलेले आणि वाढलेले ते पहिले कसोटीपटू होत. भारतीय संघाचे नेतृत्व हा राजेरजवाड्यांचा हक्क समजला जाण्याच्या काळात ते कर्णधार झाले. ते पद त्यांना कसे मिळाले आणि चार सामन्यांनंतर हातून कसे गेले, हा त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा भाग आहे.

घराणे

नायडू घराणे मूळचे आंध्र किनाऱ्यावरील मछलीपट्टणमचे, तेलुगू भाषक. ते नागपुरात येऊन स्थायिक झाले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नागपुरातील नामांकित वकील व जमीनदार होते आणि राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या काळातील कार्यात त्यांचा सहभाग होता. वडील सूर्यप्रकाशराव यांनीही वकिलीचा व्यवसाय केला. घरात सुबत्ता होती, शिक्षण होते आणि मुलांनी मैदानावर वेळ घालवण्यास कोणाची हरकत नव्हती. त्या काळच्या सुखवस्तू घरांतून ही शेवटची गोष्ट सहसा आढळत नसे.

या घरातून एकापाठोपाठ एक क्रिकेटपटू निघाले. कनकैया यांचे बंधू सी. एल. नायडू व सी. आर. नायडू हे प्रथम श्रेणीचे सामने खेळले. सर्वांत अधिक नाव मिळवले ते कनकैयांपेक्षा सुमारे साडेअठरा वर्षांनी लहान असलेल्या सी. एस. नायडू (जन्म : नागपूर, १८ एप्रिल १९१४) यांनी. लेग स्पिन टाकणारे सी. एस. ११ कसोटी सामने खेळले. कसोटीत त्यांना केवळ दोनच बळी मिळाले. मात्र प्रथम श्रेणीत त्यांनी सहाशेहून अधिक फलंदाज बाद केले. थोरल्या भावाच्या नेतृत्वाखालीच त्यांनी जानेवारी १९३४ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कसोटी पदार्पण केले. पुढच्या पिढीत सी. के. यांची कन्या चंद्रा नायडू यांनी क्रिकेटचे धावते समालोचन केले. हे काम करणाऱ्या भारतातील पहिल्या महिला म्हणून त्यांची नोंद घेतली जाते.

नागपुरातील सुरुवात

सी. के. यांचे शालेय शिक्षण नागपुरात हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कुलात झाले. नागपूर ही त्या वेळी मध्यप्रांताची राजधानी होती, आणि १९०३ पासून यवतमाळसह वऱ्हाडचे जिल्हेही त्याच प्रांताच्या कारभाराला जोडले गेले होते. छावणीतील गोरे अधिकारी, रेल्वेचे कर्मचारी आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी यांच्यामुळे नागपुरात क्रिकेट रुजले होते. तरी मुंबई-पुण्याच्या मानाने ते आडबाजूचेच ठिकाण होते. शाळेच्या संघातून आणि नंतर मोदी क्रिकेट क्लबाकडून खेळताना सी. के. यांनी आपली फलंदाजी घडवली. सहा फुटांहून अधिक उंची, लांब हात आणि काटक शरीर ही त्यांना निसर्गाने दिलेली देणगी होती. या उंचीचा उपयोग त्यांनी चेंडू उंच उचलून मारण्यासाठी केला.

त्या पिढीतील शिक्षक चेंडू जमिनीलगत मारण्याचा आग्रह धरत. इंग्रजी शाळांतून आलेली ही शिस्त भारतीय खेळाडूंनीही जशीच्या तशी उचलली होती. सी. के. यांनी ती मानली नाही. पाय पुढे टाकून, चेंडूच्या टप्प्यापर्यंत जाऊन तो गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ मारणे हा त्यांचा आवडता फटका होता. हा धोक्याचा फटका त्यांनी इतक्या सातत्याने यशस्वी करून दाखवला की पुढे प्रेक्षक त्यासाठीच मैदानावर येऊ लागले.

चौरंगी सामन्यांतील पदार्पण

त्या काळी भारतातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा म्हणजे मुंबईचे चौरंगी सामने. युरोपियन, पारशी, हिंदू व मुस्लिम असे चार संघ त्यांत भाग घेत. धर्माच्या नावावर संघ उभे करण्याची ही पद्धत पुढे टीकेचा विषय ठरली आणि १९४० च्या दशकात ती संपुष्टात आली. तोपर्यंत मात्र देशातील उत्तम खेळाडूची पारख याच मैदानावर होत असे.

१९१६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सी. के. हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. ते फलंदाजीस आले तेव्हा संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे खेळून काढले आणि चौथ्यावर षटकार मारला. प्रथम श्रेणीतील त्यांची पहिली धावसंख्या अशी थेट सहा होती. नवख्या खेळाडूने, तोही पडझडीच्या वेळी, असा फटका मारावा हे त्या दिवसांत धाडसाचेच होते.

हिंदू संघात त्या वेळी पालवणकर बंधूंचा दबदबा होता. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चर्मकार समाजातील चौघे भाऊ असामान्य गुणवत्तेचे खेळाडू होते. बाळूंसारख्या थोर गोलंदाजाला केवळ जातीमुळे संघाचे कर्णधारपद दीर्घकाळ नाकारले गेले. १९२३ साली विठ्ठल यांना ते मिळाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. सी. के. या विठ्ठलांच्या हाताखाली खेळले. नेतृत्व गुणावर ठरावे की जन्मावर, हा प्रश्न हिंदू संघात जातीच्या रूपाने उभा राहिला. अखिल भारतीय संघात तोच राजघराण्याच्या रूपाने पुढे आला, आणि या दुसऱ्या वेळी त्याच्या केंद्रस्थानी सी. के. होते.

इंदूर

१९२३ मध्ये इंदूर संस्थानाचे अधिपती तुकोजीराव होळकर (तृतीय) यांनी सी. के. यांना आपल्या पदरी बोलावले. त्यांना संस्थानाच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा देण्यात आला आणि पुढे ते कर्नल झाले. त्यांच्या नावामागे लागलेली ही उपाधी तिथूनच आली. क्रिकेटवर उपजीविका करणे तेव्हा शक्य नव्हते. चांगल्या खेळाडूपुढे रेल्वेची नोकरी, एखाद्या गिरणीमालकाचा आश्रय किंवा संस्थानाची चाकरी असे मोजकेच मार्ग असत. नागपूरचा हा खेळाडू अशा रीतीने इंदूरचा झाला आणि अखेरपर्यंत इंदूरचाच राहिला. होळकरांचा दरबार मराठी असल्याने नागपुराहून आलेल्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नव्हते.

जिमखान्यावरील १५३ धावा

१९२६-२७ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी. चा संघ भारतात आला. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या संघापुढे उभे राहू शकतील, यावर त्या वेळी फार थोड्यांचा विश्वास होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर या संघाचा हिंदू संघाशी सामना झाला. एम.सी.सी. ने पहिल्या डावात ३६३ धावा केल्या. त्यांत गाय अर्ल यांची १३० धावांची घणाघाती खेळी होती.

१ डिसेंबर १९२६ रोजी सी. के. फलंदाजीस आले आणि ११६ मिनिटांत १५३ धावा करून परतले. त्यांत १३ चौकार आणि ११ षटकार होते. ते मैदानावर असताना संघाच्या १८७ धावा झाल्या, म्हणजे उरलेल्या सर्वांनी मिळून जेमतेम ३४ केल्या. एक षटकार जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. खेळाची बातमी शहरात पसरत गेली तशी लोक हातातली कामे टाकून मैदानाकडे येऊ लागले आणि आत जागा न मिळालेल्यांनी झाडांचा व गच्च्यांचा आधार घेतला, असे सांगतात. प्रथम श्रेणीच्या एका डावात अकरा षटकार हा तेव्हाचा विश्वविक्रम होता. पुढे चार्ली बार्नेट व रिची बेनॉ यांनी त्याची बरोबरी केली. तो मोडला मात्र १९६३ साली, न्यूझीलंडच्या जॉन रीड यांनी १५ षटकार मारले तेव्हा. या खेळीबद्दल एम.सी.सी. ने सी. के. यांना चांदीची बॅट भेट दिली.

या खेळीचे मोल धावांपुरते नव्हते. त्याच दौऱ्यात पुण्याच्या दि. ब. देवधर यांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा केल्या. या खेळ्या पाहिलेल्या गिलिगन यांचे भारतीय क्रिकेटविषयीचे मत अनुकूल झाले आणि भारताने स्वतःचे नियामक मंडळ स्थापावे, या विचाराला त्यांनी उघड पाठिंबा दिला. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि चार वर्षांनी भारताला कसोटी दर्जाचा पहिला सामना मिळाला.

दरम्यान १९३०-३१ मध्ये, एम.सी.सी. चा ठरलेला दौरा रद्द झाल्यावर, विजयनगरमचे महाराजकुमार (विझी) यांनी स्वतःचा संघ उभारून भारत व श्रीलंकेत सामने खेळवले. या संघात जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ हे इंग्लंडचे जगविख्यात सलामीवीर होते. देवधर आणि नायडूही होते. सी. के. आणि विझी यांचे संबंध तेव्हा बिघडलेले नव्हते.

१९३२ : लॉर्ड्स

इंग्लंडला जाणाऱ्या पहिल्या कसोटी संघाचा कर्णधार निवडताना खेळापेक्षा कुळाचा विचार अधिक झाला. पतियाळाच्या महाराजांनी माघार घेतल्यावर पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि त्यांचे नातलग, लिंबडीचे घनश्यामसिंहजी, उपकर्णधार झाले. विझी यांनाही मानाचे पद देऊ करण्यात आले होते, पण त्यांनी जाणे टाळले.

पोरबंदरचे महाराज क्रिकेटपटू म्हणून अगदी सामान्य होते. संपूर्ण दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर अवघ्या दोन धावा लागल्या. आपली मर्यादा त्यांनी ओळखली आणि मैदानावरील नेतृत्व सी. के. यांच्याकडे सोपवले. या समंजसपणाचे श्रेय त्यांना द्यावे लागते, कारण चार वर्षांनंतरच्या कर्णधाराला तो दाखवता आला नाही. लिंबडी यांना कसोटीपूर्वी पाठीची दुखापत झाली. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर नाणेफेकीसाठी डग्लस जार्डिन यांच्याबरोबर गेले ते सी. के. नायडू. जार्डिन यांचा जन्म मुंबईतला. अशा रीतीने भारताच्या पहिल्या कसोटीतील दोन्ही कर्णधार भारतात जन्मलेले होते.

संघात सारे आलबेल नव्हते. संस्थानिकाऐवजी एका बरोबरीच्या खेळाडूच्या हाताखाली खेळणे काहींना रुचले नव्हते. सी. के. यांचा स्वभावही त्यात भर घालणारा होता. ते मितभाषी, कडक आणि काहीसे अलिप्त होते. खेळाडूंच्या खांद्यावर हात टाकून बोलणारे कर्णधार ते कधीच झाले नाहीत.

सामन्याची सुरुवात मात्र खळबळजनक झाली. महंमद निसार यांच्या वेगापुढे आणि एका अचूक धावबादमुळे इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत तंबूत परतले. जार्डिन यांनी ७९ धावा करून डाव सावरला आणि इंग्लंडने २५९ धावा उभारल्या. निसार यांनी पाच, तर सी. के. यांनी दोन बळी मिळवले. क्षेत्ररक्षण करताना सी. के. यांच्या हाताला दुखापत झाली होती. तशाच हाताने खेळून त्यांनी ४० धावा केल्या. भारताच्या १८९ धावांत हीच सर्वाधिक होती. दुसऱ्या डावात त्यांना १० धावाच करता आल्या आणि भारत १५८ धावांनी पराभूत झाला. पहिलाच सामना, तीन दिवसांचा खेळ आणि जेमतेम तयार झालेला संघ हे लक्षात घेतल्यास हा पराभव लाजिरवाणा म्हणता येत नाही.

पूर्ण दौऱ्याचा हिशेब पाहिला तर सी. के. इतरांच्या फार पुढे होते. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. लॉर्ड्सवरच एम.सी.सी. विरुद्ध त्यांनी नाबाद ११८ धावा केल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर त्यांनी मारलेला एक षटकार री नदीपलीकडे, म्हणजे वॉरविकशायरमधून थेट वुस्टरशायरच्या हद्दीत जाऊन पडला, अशी आख्यायिका इंग्लंडमध्येही सांगितली जाते. विस्डेन या वार्षिकाने १९३३ च्या अंकात त्यांची वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत निवड केली.

१९३३-३४ : मायदेशातील मालिका

पुढच्याच वर्षी जार्डिन यांचा संघ भारतात आला. शरीरवेधी गोलंदाजीच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला नमवून आलेला हा कर्णधार कोणालाही सवलत देणारा नव्हता. भारतातील पहिली कसोटी १५ डिसेंबर १९३३ पासून मुंबईच्या जिमखाना मैदानावर झाली. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदवले. दुसऱ्या बाजूने सी. के. यांनी ६७ धावा केल्या आणि दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी १८६ धावांची भागी केली. शतक अमरनाथ यांचे असले तरी एवढा वेळ दुसरे टोक धरून ठेवणाऱ्याचा वाटा त्यांत आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. भारत हा सामना नऊ गडी राखून हरला. कोलकात्याची कसोटी अनिर्णित राहिली. चेन्नईची इंग्लंडने २०२ धावांनी जिंकली.

सी. के. यांनी भारताचे नेतृत्व केले ते एवढ्याच चार सामन्यांत : तीन पराभव, एक अनिर्णित. आकड्यांच्या भाषेत ही कामगिरी क्षीण दिसते.

१९३६ : कर्णधारपदाचा वाद

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार मतदानाने ठरला. पतौडीचे नवाब बाजूला झाल्यावर स्पर्धा विझी आणि सी. के. यांच्यात उरली. मते संलग्न संघटनांची होती. संघटनांवर संस्थानिकांचे आणि त्यांच्या स्नेह्यांचे वर्चस्व होते. विझी यांनी खर्च आणि ओळखी यांच्या बळावर ती मते मिळवली. सी. के. सामान्य सदस्य म्हणून दौऱ्यावर गेले.

हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील सर्वांत कटू दौऱ्यांपैकी एक मानला जातो. कर्णधाराच्या मर्जीतले आणि मर्जीबाहेरचे असे दोन तट संघात पडले. अमरनाथ यांना शिस्तभंगाच्या आरोपावरून कसोटी मालिकेपूर्वीच मायदेशी परत पाठवण्यात आले. पुढे चौकशी होऊन त्या आरोपाची धार बोथट झाली. सी. के. यांना एकटे पाडण्याचे प्रयत्न झाले. न्याहारीच्या टेबलावर सर्वांसमक्ष सी. के. यांचा अपमान केल्याच्या बदल्यात एका खेळाडूला ओव्हलवर कसोटी खेळायला मिळाले, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जात आली आहे. तिचा लेखी पुरावा देणे अवघड. पण ती खरी वाटावी असे वातावरण त्या संघात होते, याविषयी सर्वांचे एकमत आहे. स्वतः विझी तिन्ही कसोटी खेळले आणि सहा डावांत एकूण ३३ धावा करू शकले. दौरा चालू असतानाच त्यांना सर हा किताब मिळाला.

सी. के. यांनी आपले उत्तर ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत दिले. भारतावर फॉलोऑन लादला गेला होता. इंग्लंडचे कर्णधार गबी ॲलन अत्यंत वेगाने गोलंदाजी करत होते आणि त्या डावात त्यांनी सात बळी घेतले. त्यांचा एक चेंडू सी. के. यांच्या शरीरावर जोरात आदळला. वेदना होत असतानाही ते मैदान सोडून गेले नाहीत आणि त्यांनी ८१ धावा केल्या. त्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या आणि कसोटीतील अखेरची खेळी ठरली. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धामुळे भारताला १९४६ पर्यंत कसोटी खेळता आली नाही.

सात कसोटी, ३५० धावा, २५ ची सरासरी, ९ बळी, एकही शतक नाही. पहिली कसोटी खेळताना त्यांनी वयाची छत्तिशी ओलांडलेली होती आणि उमेदीची पंधरा-सोळा वर्षे कसोटी दर्जा नसलेल्या देशात गेली होती, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे हे आकडे नीट वाचता येतात.

होळकर संघ

कसोटीचे दार बंद झाल्यावर सी. के. यांनी जे काम केले ते अनेक जाणकारांच्या मते त्यांच्या फलंदाजीइतकेच मोलाचे आहे. यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्या आश्रयाने त्यांनी इंदूरमध्ये जो संघ बांधला, तो १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. मुंबईचे वर्चस्व गृहीत धरले जाण्याच्या काळात मध्य भारतातील एका संस्थानाने एवढी मजल मारली.

खेळाडू त्यांनी ठिकठिकाणांहून निवडले. इंदूरच्याच मुश्ताक अली यांच्यातील गुण त्यांनी ते शाळकरी वयात असताना हेरले होते. सागरचे चंदू सरवटे, मुंबईचे खंडू रांगणेकर, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाड आणि धाकटे बंधू सी. एस. अशी माणसे एकत्र आली. शिस्त लष्करी होती. सरावाला उशीर, क्षेत्ररक्षणातील ढिलाई, दुखण्याचे निमित्त यांपैकी काहीही खपवून घेतले जात नसे. मुश्ताक अलींसारखा मनस्वी फलंदाजही त्यांच्यापुढे वचकून असे. या कडकपणाने काही माणसे दुखावलीही गेली; परंतु त्यांच्या हाताखाली घडलेल्या खेळाडूंनी पुढे त्यांच्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली.

१९४४-४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना अजूनही आठवला जातो. युद्धानिमित्त भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळले आणि त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली. सी. एस. नायडू यांनी सामन्यात ९१७ चेंडू टाकले, हा विक्रम अद्याप अबाधित आहे. एवढे होऊनही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. थकलेल्या धाकट्या भावाकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेणारा कर्णधार थोरला भाऊच होता, हे इथे नोंदवायला हवे. नायडूंच्या घरात नात्याची सवलत मिळत नसे.

पुढच्याच हंगामात होळकर संघाने बडोद्याला हरवून प्रथमच करंडक जिंकला. त्याच हंगामात बडोद्याविरुद्ध सी. के. यांनी २०० धावा केल्या. पन्नाशी उलटल्यावर काढलेली ही त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या होय. १९४६-४७ मध्ये मात्र बडोद्याने परतफेड केली. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली.

१९५१-५२ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळलेला चेंडू सी. के. यांच्या तोंडावर लागला आणि दात पडले. त्यांनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचार नाकारले आणि काळजीने वेग कमी करू पाहणाऱ्या फडकरांना नेहमीच्याच वेगाने चेंडू टाकण्यास बजावले, असा प्रसंग सांगितला जातो. त्या वेळी त्यांचे वय छप्पन होते.

उत्तरायुष्य

१९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ रणजी करंडकात प्रथमच उतरला, तेव्हा त्याचे नेतृत्व सी. के. यांनी केले. पूर्वजांच्या प्रदेशाशी त्यांचा क्रिकेटच्या मैदानावरील संबंध असा उशिरा जुळला. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले आणि अर्धशतक ठोकून गेले. १९६३-६४ मध्ये राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ आणि मुख्यमंत्र्यांचा संघ यांच्यात झालेल्या सामन्यात ते अखेरचे उतरले. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत मिळून त्यांच्या नावावर ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी जमा झाले.

राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. १९४१ साली बाथगेट कंपनीच्या यकृताच्या टॉनिकच्या जाहिरातीत ते झळकले होते. आजच्या काळात यात नवल वाटणार नाही, परंतु एखाद्या वस्तूच्या जाहिरातीसाठी आपले नाव देणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू समजले जातात.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

१९७३-७४ पासून तरुण खेळाडूंसाठी त्यांच्या नावाने सी. के. नायडू करंडक स्पर्धा घेतली जाते. तिची वयोमर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. १९९४ मध्ये नियामक मंडळाने कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याचे पहिले मानकरी, १९३३ मध्ये मुंबईला त्यांच्यासोबत १८६ धावांची भागी करणारे लाला अमरनाथ होते. कन्या चंद्रा नायडू यांनी १९९५ मध्ये वडिलांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये भारतीय टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली. देवधर, विजय मर्चंट आणि विनू मंकड यांच्याबरोबर चौथे तिकीट सी. के. नायडू यांचे होते.